हिरवा मांडव आणि मांडवामागच्या बाया

दिवाळी सरली की आपल्याकडे महोत्सवांचा मोसम सुरू होतो. संगीत महोत्सव, नाट्य महोत्सव, लावणी महोत्सव, महापालिकेचा महोत्सव, आमदारांच्या नावाचा महोत्सव. त्यांचे मांडव उतरतात न उतरतात तोच गावोगावच्या जत्रा आणि तमाशाचे फड. गेल्या काही वर्षांत या सगळ्यांना एक नवं विशेषण चिकटलं आहे, ‘पर्यावरणपूरक’. कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेलं असतं. दाराशी कापडी पिशवी मिळते. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी तुळशीचं रोप दिलं जातं. निवेदिका म्हणते, ‘आपला महोत्सव प्लास्टिकमुक्त आहे,’ आणि टाळ्या पडतात. त्याच्या जोडीला दुसरा शब्द येतो, ‘सामाजिक बांधिलकी’. म्हणजे काय, तर शेवटच्या दिवशी एखाद्या अनाथाश्रमाला धनादेश. त्याचाही फोटो निघतो.

प्लास्टिक नको, याबद्दल वाद नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंची यादी करून त्यांवर बंदी घातली. त्या यादीत शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे फलकही होते. पाण्याच्या बाटल्या मात्र नव्हत्या. त्यामुळे ‘प्लास्टिकमुक्त’ महोत्सवाच्या व्यासपीठावर प्रत्येक खुर्चीपुढे एक बाटली उभी असते, आणि मैदानाच्या तिन्ही बाजूंना जाड फ्लेक्स लागलेले असतात. विचारलं तर म्हणतात, नियमात बसतं. बसत असेल. माझं भांडण तेवढ्या बाटलीशी नाहीच. माझं म्हणणं असं आहे की महोत्सव हिरवा करायची जी किंमत पडते ती संयोजक भरत नाहीत, प्रायोजक भरत नाहीत, तिकीट काढून येणारे रसिकही भरत नाहीत. ती बाया भरतात. कुणी हातांनी भरतं, कुणी झोपमोड करून, कुणी चार-पाच तास लघवी दाबून धरून. आणि हा खर्च कुठल्याही जमाखर्चात लिहिलेला नसतो.

मैफल संपल्यावर मैदान कसं दिसतं हे रसिकांना ठाऊक नसतं, कारण तोवर ते घरी पोचलेले असतात. सकाळी सहाला तिथे गेलात तर दिसेल. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून आणलेले कागदी पेले, ज्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि जे म्हणूनच धड कुजतही नाहीत आणि सहज रद्दीतही जात नाहीत. त्यांत उरलेला चहा. पत्रावळींत अर्धा पुलाव. ओला आणि सुका असे दोन रंगांचे डबे अगदी नीट रंगवून ठेवलेले, आणि दोन्हींत तेच ते. कुणीतरी घाईत टाकलेलं पॅड, उघडंच. हे सगळं वेगळं करायला वाकतात त्या बाया. कंत्राटदाराच्या झाडूवाल्या, आणि त्यांच्या मागोमाग कुंपणापाशी थांबलेल्या कचरावेचक. रात्री ज्या गवयाच्या मारव्याला आपण माना डोलावल्या तो त्यांनी ऐकलेला नसतो. त्या वेळी त्यांना आत सोडत नाहीत.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलं होतं : शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागी करायचा तर तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा जागच्या जागी वेगळा करून गोळा करणाऱ्यांच्या हवाली करायची जबाबदारी संयोजकाची. संयोजकाची, वेचक बाईची नव्हे. असं किती ठिकाणी झालं? परवानगीच्या फायलीत पोलिसांचा दाखला असतो, अग्निशमनाचा असतो, वीज मंडळाचा असतो. कचरा कोण, कुठे, किती मजुरीवर वेगळा करणार याचा कागद मला तरी एकाही फायलीत दिसला नाही.

गंमत म्हणजे, ज्यांना कुंपणाबाहेर उभं करतात त्यांनाच हे काम सगळ्यांत चांगलं येतं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीच्या वाटेनं चालणारी ही कचरावेचकांची संघटना, आणि तिच्या सभासदांत बहुसंख्य बाया. त्यांतून पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी करार केला. गणेश विसर्जनाच्या दिवसांत नदीच्या घाटांवर उभ्या राहून निर्माल्य पाण्यात जाऊ न देणाऱ्या बाया याच. कागदात न गुंडाळता फेकलेली पॅड रोज हातानं उचलावी लागतात म्हणून २०१३ मध्ये त्यांनी ती गोळा करून थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवली होती. पर्यावरणावर परिसंवाद ऐकायला सगळे जातात. असला परिसंवाद या बायांनी न बोलता करून दाखवला, तरी महोत्सवाच्या सल्लागार समितीवर त्यांना कुणी बोलावत नाही. तिथे ‘सस्टेनेबिलिटी कन्सल्टंट’ बसतो.

मागच्या वर्षी एका शहरातल्या बऱ्यापैकी मोठ्या महोत्सवाच्या समितीनं आम्हाला मात्र बोलावलं. दोन बैठका झाल्या. माणसं सज्जन होती, चहा स्टीलच्या पेल्यातून दिला. म्हणाले, “ताई, आम्हाला यंदा झीरो वेस्ट करायचंय. तुमच्या वस्तीतल्या वीस-पंचवीस बायका पाठवा. आम्ही टोप्या देऊ, प्रमाणपत्र देऊ, स्टेजवर बोलावून सत्कार करू.” मी विचारलं, रोज किती देणार? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाले, “अहो, हे तर सामाजिक काम आहे. पैशाचं कशाला आणता मध्ये?” त्याच बैठकीत ध्वनिव्यवस्थेच्या भाड्यावर पाऊण तास चर्चा झाली, आणि रक्कम वाढवून मंजूरही झाली, कारण ‘ते लागतंच’. त्या ध्वनिव्यवस्थेवाल्याला प्रमाणपत्रावर बोळवायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली नाही. मंडपवाल्याला टोपी देऊ, असंही कुणी म्हणालं नाही.

मैत्रिणींनो, ही जुनीच गोष्ट आहे. घरात बाई करते ते काम नसतं, ती माया असते. मैदानात बाई करते ते काम नसतं, ती सेवा असते. आता त्यात भर पडली आहे, ते पर्यावरण असतं!

पुनर्वापराचंच घ्या. कागदी ताटं बंद करा, स्टीलची आणा, हा उपाय मला मनापासून पटतो. पण प्रश्न असा की ती घासणार कोण? पाच हजार माणसं जेवली तर पाच हजार ताटं. ती रात्री अकरानंतर, डिसेंबरच्या थंडीत, मांडवामागच्या उघड्या नळावर, गार पाण्यात घासली जातात. हे करणाऱ्या बाया केटररनं रोजावर आणलेल्या असतात. त्यांना घरी कसं पोचायचं हे त्यांचं त्या बघतात. ज्या महोत्सवाला स्टीलची ताटं हवीत त्यानं भांडी घासायला ओटा, गरम पाणी, दिवा, हातमोजे, रात्रपाळीचा जादा रोज आणि घरी सोडायला गाडी एवढं धरूनच ताटाची किंमत काढावी. ती कागदी ताटापेक्षा महाग पडेल. पडू दे. इतकी वर्षं ती स्वस्त पडत होती ती कुणाच्या जिवावर, हे तरी कळेल. कापडी पिशव्यांचंही तसंच. त्या बहुतेक बचत गटाच्या बायका घरबसल्या नगावर शिवतात. पिशवीवर प्रायोजकाचं नाव छापायला किती लागले आणि ती शिवणाऱ्या बाईला किती मिळाले, एवढी दोनच आकडे एकदा शेजारी मांडून बघा. आणि त्याच बचत गटाला झुणका-भाकरीचा गाळा देताना भाडं आगाऊ घेतात हेही विसरू नका.

आता मांडवात बसलेल्या बाईकडे येऊ. तिच्या बाबतीत एकच गोष्ट बोलायची, मुतारी. हा शब्द अशा ठिकाणी शोभत नाही म्हणून तर तो बोलायला हवा. महोत्सवाला निघालेली बाई दुपारपासून पाणी कमी पिते. आम्ही ज्या ज्या गटांत हे विचारलं तिथे सगळ्याजणी हसल्या आणि सगळ्याजणींनी हो म्हटलं. पुरुषांना मैदानाची भिंत पुरते. बायांच्या दोन फिरत्या शौचालयांपुढे मध्यंतरात रांग लागते, आणि रांग संपायच्या आत तंबोरे जुळलेले असतात. ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये निकाल दिला, की रस्त्यावर, सार्वजनिक जागी बायांना स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि ते पुरवणं पालिकांचं कर्तव्य आहे. म्हणजे ही भीक नाही. महोत्सवाला मैदान देताना पालिका ही अट घालू शकते. तरी घालत नाही, कारण मैदान मागणारे आणि देणारे दोघेही भिंतीवर भागवणारे! आणि ती फिरती शौचालयं रात्री कोण साफ करतं, त्यातला मैला कुठे ओततात, हा प्रश्न विचारला की ‘एजन्सी बघते’ असं उत्तर येतं. हिरव्या पानाच्या मागची बाजू ही अशी असते.

आणि जी बाई मांडवात बसलेली नाही, बोर्डावर उभी आहे, तिचं काय?

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट महाराष्ट्रात फार अभिमानानं सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. भाषणांत ही गोष्ट आली की टाळ्यांचा कडकडाट होतो. केवढी कलेवरची निष्ठा! मला या टाळ्यांची चीड येते. एवढ्या मोठ्या फडात, एवढ्या मोठ्या जत्रेत, एक सुईण नव्हती, एक आडोसा नव्हता, दिवस भरलेल्या बाईला बसून राहायची सोय नव्हती, कारण न नाचली तर पैसे कापले जाणार होते. हे त्या गोष्टीत कुणालाच ऐकू येत नाही? निष्ठा विठाबाईंची होती, यात शंका नाही. पण लाज कुणी बाळगायची? राष्ट्रपतींकडून गौरवलेली ही कलावंतीण २००२ मध्ये हलाखीत गेली. आता तिच्या नावानं राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलं आहे. पण त्या पुरस्काराच्या समारंभाच्या दिवशी तरी राज्यातल्या प्रत्येक फडाला एक बंद खोली आणि एक संडास मिळावा, एवढं कुणी ठरवलं आहे का?

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. सुपारीत तारीख ठरते, रक्कम ठरते, आगाऊ किती ते ठरतं. बायांना उतरायला जागा, पाणी, कपडे बदलायला भिंत, रात्री गावातल्या टोळक्यापासून संरक्षण, यांतलं काही सुपारीच्या कागदावर मी अजून पाहिलेलं नाही. ट्रकच्या आडोशाला कपडे बदलायचे, पहाटे तोच ट्रक पुढच्या गावाला निघतो आणि अंघोळ तिथल्या विहिरीवर. २०२० आणि २०२१ ची जत्रांची दोन्ही मोसमं करोनात बुडाली तेव्हा या बायांच्या हातात काही उरलं नव्हतं. ना भविष्यनिर्वाह निधी, ना विमा, होती ती फक्त फडमालकाची उचल, आणि ती फेडायला पुन्हा पुढचा मोसम. महोत्सव ‘टिकाऊ’ करायचा म्हणतात. टिकायचं कुणी? मांडवानं, की मांडवात नाचणाऱ्या बाईनं?

२०२३ मध्ये एका लोकप्रिय नर्तकीचं कपडे बदलतानाचं चोरून केलेलं चित्रण महाराष्ट्रभर मोबाइलांवरून फिरलं. पुढचे कित्येक दिवस चर्चा कशाची झाली? तिचं नाचणं लावणीत बसतं की नाही, ते अश्लील आहे की नाही, याची. ज्यांनी कार्यक्रम ठेवला त्यांनी तिला कपडे बदलायला कसली जागा दिली होती, तिच्या दाराला कडी होती का, हा प्रश्न फारसा कुणी केला नाही. केरळातल्या चित्रपटसृष्टीबद्दलचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला. त्यातही लैंगिक छळाइतकीच बोचणारी गोष्ट ही होती, की चित्रीकरणाच्या जागी बायांना संडास नाही आणि कपडे बदलायला खोली नाही. मल्याळी सिनेमा असो की आपली जत्रा, बाईचं शरीर पडद्यावर आणि बोर्डावर हवं असतं. त्या शरीराला पाणी पिऊन बाहेर टाकावं लागतं, ते मात्र आठवत नाही.

इथे एका धोक्याबद्दल बोलायलाच हवं. ‘सामाजिक जबाबदारी’ हे शब्द आपल्या बाजूचे वाटतात, म्हणून आपण सावध राहात नाही. परवा एका गावात महोत्सव ‘संस्कारक्षम’ करायचा म्हणून लावणीच काढून टाकली. भजन ठेवलं. ग्रामसभेतल्या काही बायांनीही हात वर केले. त्यांचं मला कळतं. दौलतजादा उधळायला घरातलेच पैसे जातात, आणि पिऊन परतलेला नवरा कुणाला सोसावा लागतो हे मला सांगायला नको. पण नाचणारीला घालवून दारूचं दुकान आणि उधळणारे हात दोन्ही जागच्या जागी राहिले. २००५ मध्ये सरकारनं डान्सबार बंद केले तेव्हाही बायांच्या इभ्रतीचंच नाव पुढे केलं होतं. हजारो बाया एका रात्रीत कामावरून गेल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी बेकायदा ठरवली, तोवर त्यांची आयुष्यं कुठल्या कुठे पांगली होती. त्या वेळी आपल्याच चळवळीत दोन तट पडले होते, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. म्हणून मी एवढंच म्हणेन की, ज्या ‘जबाबदारी’ची सुरुवात कलावंतीणीचा रोजगार काढून घेण्यापासून होते ती जबाबदारी नव्हे, तो सोवळेपणा आहे.

खरी जबाबदारी कंटाळवाणी असते, आणि ती कायद्यात लिहिलेली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा भंवरीदेवींच्या लढ्यातून आणि १९९७ च्या विशाखा निकालातून आला हे आपण सगळ्याजणी जाणतो. पण हा कायदा मनोरंजनाच्या क्षेत्रालाही नाव घेऊन लागू होतो, आणि त्यातली ‘कर्मचारी’ ही व्याख्या कंत्राटी, रोजंदारी आणि विनामोबदला स्वयंसेवा करणाऱ्या बाईलाही कवेत घेते, हे किती संयोजकांना माहीत आहे? बिल्ला लावून फिरणारी कॉलेजातली मुलगी, तानपुऱ्यावर बसलेली शिष्या, झाडूवाली, लावणी कलावंत, सगळ्या यात येतात. अडचण अशी की महोत्सव असतो चार-पाच दिवसांचा, आणि तक्रारीची मुदत असते तीन महिन्यांची. मांडव उतरल्यावर ती मुलगी तक्रार घेऊन जाणार कुठे? समितीच्या अध्यक्षांच्या घरी? गुरूंबद्दलची तक्रार शिष्येनं गुरूंच्याच मित्राकडे द्यायची? म्हणून महोत्सवाच्या आधीच समिती नेमली पाहिजे, तिची अध्यक्ष बाई पाहिजे, तिच्यात बाहेरची सदस्य पाहिजे, आणि मांडव गेल्यावरही ती वर्षभर राहिली पाहिजे. आयोजक संस्थेत दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा दूरध्वनी क्रमांक प्रायोजकाच्या फलकाच्या निम्म्या आकाराच्या फलकावर लावायला कितीसा खर्च येतो?

पर्यावरणवाल्या मित्रांना वाटेल, बाई भलतीकडेच गेली. संडास, रोज, समिती, यांचा हवामानाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो सगळ्यांत थेट आहे तो येण्याजाण्यात. मोठ्या महोत्सवांच्या धुराची जिथे जिथे मोजदाद झाली तिथे बहुतेक ठिकाणी एकच उत्तर आलं. दिवे, ध्वनी, जेवण हे सगळं मागे पडतं, आणि मोठा वाटा प्रेक्षकांच्या वाहनांचा असतो. आता बघा, बाई महोत्सवाला बसनं का येत नाही? कारण परतीच्या बसचा भरवसा नसतो. म्हणून ती रिक्षा करते, नाहीतर नवरा गाडी घेऊन सोडायला आणि पुन्हा न्यायला येतो, म्हणजे चार खेपा. आणि बहुतेकजणी तर येतच नाहीत. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी पहाटेपर्यंत चालायचा. पहाटे संपणाऱ्या मैफलीचा एक फायदा होता, बाहेर पडलं की पहिली बस मिळायची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. झोपणाऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या दृष्टीनं ते योग्यच झालं, वर्षातले थोडेच दिवस बारापर्यंतची सूट असते. पण दहा-बाराला बाहेर पडलेल्या बाईनं घरी जायचं कसं, याचा विचार नियमानंही केला नाही आणि संयोजकांनीही नाही. २०२३ मध्ये एस.टी.त बायांना अर्धं तिकीट झालं. जत्रेला जायला ते उपयोगी. परतीला शेवटची गाडी सात वाजता निघून गेलेली असेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? महोत्सवानं आपल्या खर्चानं पाच मार्गांवर रात्रीच्या बस ठेवल्या, त्यात एक स्त्री वाहक दिली, थांब्यावर दिवा लावला, तर शे-दोनशे मोटारी कमी होतील. तुळशीच्या रोपांनी एकही होणार नाही.

आणखी एक मुद्दा आकाराचा. महोत्सव जितका मोठा तितका तो यशस्वी, असं आपण धरून चाललो आहोत. २०१६ च्या मार्चमध्ये दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानात आर्ट ऑफ लिव्हिंगचा तीन दिवसांचा विश्व सांस्कृतिक महोत्सव झाला. हजारो कलाकार, अवाढव्य मंच, नदीचं पात्र वाटावं असं मैदान सपाट केलेलं. राष्ट्रीय हरित लवादानं पाच कोटींची भरपाई आकारली, आणि २०१७ च्या डिसेंबरात त्या नुकसानीला आयोजकांनाच जबाबदार धरलं. तज्ज्ञांच्या समितीनं तिथली नदीकाठची जमीन पूर्ववत व्हायला दहा वर्षं लागतील असं म्हटलं होतं. तीन दिवसांचं नाचगाणं आणि दहा वर्षांची नदी! उभं पीक मोडलं म्हणून तिथले शेतकरी तक्रार करत होते, त्यांच्या शेतात निंदणी करणाऱ्या बायांचे बुडालेले रोज मात्र कुठल्याच भरपाईच्या चर्चेत आले नाहीत. आपल्याकडेही टेकडी सपाट करून, नदीपात्रात मुरूम टाकून मांडव उभे राहतात. प्रमाण लहान, रीत तीच.

याच्या उलट आपल्याच चळवळीचा वारसा आठवा. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आलं. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं ते नाटक ना नेपथ्याच्या ट्रकवर अवलंबून होतं, ना जनरेटरवर. गल्लीत, चावडीत, शाळेच्या पटांगणात त्याचे प्रयोग झाले. आणि तीच संघटना पुढे मुंबईतल्या कचरावेचक बायांबरोबर ‘परिसर विकास’चं काम करायला उतरली. मला यात योगायोग दिसत नाही. ज्यांनी रंगमंच बायांच्या बाजूनं पाहिला त्यांना कचराही बायांच्या बाजूनं दिसला. आज आपल्या ८ मार्चच्या मेळाव्यांतही फ्लेक्स शिरले आहेत, जेवणाचं कंत्राट गेलं आहे, आणि आपल्याच मांडवामागे कोण भांडी घासतंय हे विचारायला आपल्यालाही वेळ होत नाही, हेही जाता जाता सांगते. संयोजकांना धारेवर धरायचं तर आधी आपल्या मेळाव्याचा हिशेब भिंतीवर लावलेला बरा.

आता करायचं काय? माझ्या मते आर्जवं पुरे झाली, प्रबोधनाची पत्रकं पुरे झाली. महापालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे महोत्सव आपल्या कराच्या पैशावर होतात. खासगी महोत्सवांनाही मैदान, पाणी, झाडलोट, पोलीस बंदोबस्त सवलतीत मिळतो. म्हणजे विचारायचा हक्क आपला आहे. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आहे आणि अर्जाला दहा रुपये लागतात. मागच्या महोत्सवाच्या परवानगीची संपूर्ण फाइल मागा. साफसफाईचं कंत्राट कुणाला, त्यात किती बाया, रोज किती, हजेरीपत्रकाची प्रत. बायांची शौचालयं किती, पुरुषांची किती, मैला कुठे नेला त्याची पावती. तक्रार समितीच्या नेमणुकीचं पत्र, तारखेसकट. कलावंतांना उतरायची आणि कपडे बदलायची व्यवस्था कुठे होती, तिचं भाडं कुणी भरलं. ध्वनिव्यवस्थेचं बिलही जरूर मागा, रोजांच्या बेरजेशेजारी ठेवायला. अर्ज एकटीच्या नावानं करू नका, गटातल्या पाच-सहा जणींनी एकेक विषय घेऊन वेगवेगळे करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. जे कागद हाती येतील त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. मोसम दिवाळीनंतरचा आहे, मैदानांची मंजुरी त्याआधीच होते, तेव्हा हे अर्ज पावसाळ्यातच पडायला हवेत.